मोडलेल्या पात्याचे पैसे कोणी भरायचे?

कापडाच्या धंद्यात माझी तीस वर्षे गेली. या सगळ्या काळात एक नियम मी फारसा विचार न करता पाळत आलो. जो मोडेल तो भरेल. कटिंगच्या टेबलावर मशीनचे पाते तुटले, कात्री पडून तिचे टोक गेले, की आठवड्याच्या हिशेबात त्या माणसाच्या नावावर रक्कम मांडायची. वडीलधाऱ्यांनी असेच केले, बाजारात सगळे असेच करतात, म्हणून मीही केले. हा नियम चुकीचा आहे हे मला कापडाने शिकवले नाही, लाकडाने शिकवले. छोट्या कारखानदारीत पडणाऱ्या आपल्या तरुणांना त्याचा उपयोग व्हावा म्हणून हा लेख लिहीत आहे.

चार वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने लाकडी चौकटींचे काम सुरू केले. घराच्या दारावर लावायच्या नावाच्या पाट्या, बिस्मिल्लाहच्या चौकटी, लग्नात भेट देण्यासाठी नवरा-नवरीची नावे, असा माल. त्यासाठी त्याने दोन स्क्रोल सॉ मशीन घेतल्या. भांडवल माझे, जागा दुकानामागच्या गाळ्याची, मेहनत त्याची, असे ठरले. भांडवल माझे म्हणून नियमही माझाच चालला. दोन मुले कामाला ठेवली आणि पहिल्याच दिवशी त्यांना सांगून टाकले की पाते मोडले तर मजुरीतून कापले जाईल.

ज्यांनी ही मशीन पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शिलाई मशीनची सुई जशी वरखाली होते, तसे या मशीनमध्ये एक अगदी बारीक करवतीचे पाते वरखाली होते. पाते साधारण पाच इंच लांब असते, वर आणि खाली दोन्ही टोकांना पकडलेले. पाते जागेवरच राहते आणि कारागीर लाकूड टेबलावर फिरवत रेघेप्रमाणे कापत जातो. अक्षराच्या आतला भाग कापायचा असेल तर तिथे बारीक भोक पाडायचे, पात्याचे एक टोक सोडवून सुईत दोरा ओवावा तसे ते भोकातून ओवायचे, पुन्हा पकडायचे आणि कापायचे. स्वाद, ऐन, वाव, मीम यांची पोटे अशीच कापली जातात.

पहिले तीन महिने माल निघाला, पण ज्या चौकटीकडे पाहावे तिथे खोट. कडा करपलेल्या, अलिफ मध्येच वाकलेला, प्लायवूडच्या मागच्या बाजूला छिलके उडालेले. दुकानदार माल परत करू लागले. मुलांना बोललो, पुतण्याला बोललो. मग एक दिवस एका मुलाच्या डाव्या हाताचा अंगठा पात्यावर गेला आणि तीन टाके पडले. लाकूड पुढे सरकत नव्हते म्हणून त्याने जोर लावला, लाकूड एकदम सुटले आणि हात पुढे गेला.

त्याच आठवड्यात सहारनपूरकडचे एक वयस्कर कारागीर आमच्याकडे आले होते. सहारनपूरचे शिसमावरील कोरीव आणि जाळीचे काम सगळ्या देशात प्रसिद्ध आहे आणि या उस्तादांची उमर त्यातच गेली. त्यांनी मशीनवरचे पाते काढले, नखावरून हलकेच फिरवले आणि मला म्हणाले, "सेठ, टूटा हुआ ब्लेड दिखता है, घिसा हुआ नहीं दिखता."

मी पुतण्याला विचारले की पाती बदलत का नाहीत. तो खाली मान घालून म्हणाला, "बडे अब्बा, मुले घाबरतात. नवीन पाते लावले आणि मोडले तर पैसे जातात. जुनेच चालवले तर फक्त वेळ जातो."

त्या एका वाक्यात माझ्या तीस वर्षांच्या नियमाचा हिशेब आला. मी दंड मोडण्यावर लावला होता, म्हणून मुलांनी मोडणे टाळले. झिजण्यावर दंड नव्हता, म्हणून झिजलेले पाते दिवसभर चालले. करपलेली कड, वाकडा अलिफ आणि त्या मुलाचा अंगठा, तिन्हींची सुरुवात माझ्या वहीतून झाली होती.

हिशेब करून पाहा

या कामात पाते हे अवजार नाही, कच्चा माल आहे. शिलाईच्या कामात दोरा जसा संपतो तसे ते संपते. कठीण लाकडात एक बारीक पाते पंधरा-वीस मिनिटे प्रत्यक्ष कापल्यावर थकते, मऊ किंवा पातळ लाकडात अर्धा-पाऊण तास चालते. सागवानात निसर्गतःच वाळूसारखे बारीक कण असतात, ते दात खातात. एमडीएफ आणि प्लायवूडमधला गोंद दात खातो. म्हणजे दिवसाला आठ-दहा पाती लागणे ही उधळपट्टी नाही, तो कामाचा स्वभाव आहे.

समजा एक पाते ३० रुपयांचे आहे आणि दिवसात प्रत्यक्ष कापण्याचे तास पाच आहेत. दर अर्ध्या तासाला पाते बदलले तर १० पाती, ३०० रुपये. घाबरलेला मुलगा तीन पात्यांत दिवस काढेल, ९० रुपये. मालकाला वाटते २१० रुपये वाचले. आता समजा एका चौकटीचे लाकूड २५० रुपयांचे आणि त्यावरची अर्ध्या दिवसाची मजुरी ३५०. तीन दिवसांत एकच चौकट बिघडली तरी वाचलेल्या ६३० पैकी ६०० गेले. शिवाय करपलेली कड पॉलिश पेपरने घासण्यात रोजचा तासभर जातो तो वेगळा, आणि दुकानदाराचा विश्वास जातो त्याची तर वहीत जागाच नाही.

आपल्या मालाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. नावाची पाटी बिघडली तर ती चुलीत घालता येते. ज्या लाकडावर अल्लाहचे नाव किंवा आयत कापली गेली ते कचऱ्यात टाकता येत नाही, सरपणही करता येत नाही. ते अदबीने बाजूला ठेवून रीतीप्रमाणे दफन करावे लागते. गाळ्याच्या कोपऱ्यात अशा चौकटींची पेटी भरत गेली तेव्हा मला खरोखर लाज वाटली. बोथट पात्याने पवित्र अक्षर कापायला बसणे हीच मुळात बेअदबी आहे, असे मला आता वाटते.

पाते ओळखणे हे मालकाचे काम

पात्याचा खर्च मालकाने उचलायचा म्हटल्यावर मालकाला पाते ओळखता आलेच पाहिजे. कापडाचा व्यापारी धाग्याचा काउंट ओळखत नसेल तर बाजार त्याला फसवतो, तेच इथे आहे. मी उस्तादांकडून आणि नंतर स्वतः मशीनवर बसून जे शिकलो ते सांगतो.

पहिला फरक टोकांचा. काही पात्यांच्या दोन्ही टोकांना आडवी पिन असते, काहींची टोके साधी सपाट असतात. पिनवाले पाते लावायला सोपे, नवशिक्याला बरे वाटते. पण पिन भोकातून जायला भोक मोठे पाडावे लागते. मीमच्या बारीक पोटात एवढे मोठे भोक पाडले तर अक्षरच उरत नाही. साधे पाते बारीक भोकातून जाते. म्हणून नक्षीच्या आणि अक्षरांच्या कामाला साधे पातेच घ्यावे, आणि मशीन घेतानाच तिला साधे पाते लागते की नाही हे विचारून घ्यावे. आमच्या दोनपैकी एका मशीनला फक्त पिनवाले लागत होते. स्वस्त मिळाली म्हणून घेतली होती, शेवटी ती फक्त बाहेरच्या कडा कापायला ठेवली.

दुसरा फरक नंबरचा. पात्यांवर शून्याखालचे दोन शून्य, मग एक, दोन, तीन, पाच, सात, नऊ, बारा असे नंबर असतात. नंबर जितका मोठा तितके पाते रुंद, जाड आणि दात मोठे. आमच्या धंद्यात सूत म्हणजे धागा, सुताराच्या धंद्यात सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्या सुताने सांगायचे तर एक सुताच्या पातळ लाकडाला दोन शून्य ते एक नंबर, दोन सुताला दोन किंवा तीन नंबर, चार ते सहा सुताला पाच नंबर, आणि इंचभर किंवा त्याहून जाड लाकडाला सात, नऊ, बारा. कठीण लाकडाला एक पायरी वर जावे, फार बारीक वळण असेल तर एक पायरी खाली यावे. जाड शिसमात दोन नंबरचे पाते घालणे म्हणजे गोधडीला मलमलची सुई लावणे. आणि कितीही पातळ लाकूड असले तरी त्याच्या जाडीत एका वेळी निदान तीन दात तरी बसले पाहिजेत, नाहीतर पाते अडकून झटका देते.

तिसरा फरक दातांच्या रचनेचा. साध्या पात्याला सलग दात असतात. काहींना एक दात सोडून एक दात असतो. मधल्या रिकाम्या जागेतून भुसा बाहेर पडतो, पाते कमी तापते, लाकूड कमी करपते. लाकडाच्या रोजच्या कामाला हे चांगले. काहींना दोन दात आणि मग एक जागा रिकामी असते. ते थोडे हळू कापते पण कड जास्त साफ देते.

चौथा प्रकार उलट्या दातांचा. यात बहुतेक दात खाली तोंड करून असतात, पण तळाचे काही दात वर तोंड करून असतात. खाली जाणारे दात लाकडाच्या मागच्या बाजूचे छिलके उडवतात, ते हे उलटे दात वर येताना साफ करतात. प्लायवूडला हेच घ्यावे. मात्र लावताना पाहावे की पाते सर्वात वर आले असताना दोन-तीन उलटे दात टेबलाच्या वर दिसतात. ते टेबलाखालीच राहिले तर जादा पैसे देऊन साधेच पाते घेतल्यासारखे झाले.

पाचवा प्रकार पिळाचा. हे पाते दोरीसारखे पिळलेले असते, सगळ्या बाजूंना दात असतात, त्यामुळे लाकूड फिरवावे लागत नाही, कोणत्याही दिशेला ढकलले तरी कापते. मोठी पाटी मशीनच्या हाताला अडते तेव्हा हे कामाला येते. पण त्याचा काप रुंद पडतो, कड खरबरीत राहते, आणि सरळ रेघ कापायला ते फार अवघड. नवशिक्या मुलांना हे सोपे वाटते म्हणून ते त्याचीच सवय लावून घेतात. उस्तादांनी आमच्याकडे सहा महिने पिळाचे पाते कपाटात कुलूप लावून ठेवले होते.

याशिवाय दोन्ही दिशांनी, वर जाताना आणि खाली येतानाही कापणारी पाती असतात, ती उलटसुलट कशीही लावता येतात. ॲक्रिलिक कापायचे असेल तर मोठ्या आणि विरळ दातांचे पाते, मशीनचा वेग कमी, आणि वर पॅकिंगची पारदर्शक टेप चिकटवावी, नाहीतर पाते पुढे जाते आणि वितळलेला काप मागून पुन्हा चिकटतो. पॉलिस्टरचे थर कापताना कडा वितळून एकमेकांना चिकटतात हे कापडवाल्यांना नवे नाही. आपण तिथेही वेग कमी करतो, थरांमध्ये कागद घालतो. ती टेप लाकडावर लावली तरी करपणे कमी होते.

पात्यावर ताबा कसा ठेवायचा

योग्य पाते घेतले तरी ते आपोआप चालत नाही. चार गोष्टी कारागिराला शिकवाव्या लागतात, आणि त्या शिकवल्याशिवाय त्याला दोष देऊ नये.

पहिली, ताण. पाते लावून ताणले की बोटाने तारेसारखे छेडावे. स्वच्छ, उंच आवाज आला पाहिजे. भद्द आवाज आला तर ताण कमी आहे. बोटाने बाजूला दाबले तर सुतभरापेक्षा जास्त हलू नये. सैल पाते लाकडात भटकते, वाकते आणि मोडते. फार ताणले तर पकडीतून सुटते किंवा तुटते. संध्याकाळी काम संपले की ताण सैल करून ठेवावा.

दुसरी, काटकोन. पाते आणि टेबल यांच्यात बरोबर काटकोन हवा. छोटा गुण्या लावून रोज सकाळी पाहावे. कापडाचे चाळीस थर लावून कटिंग मशीन जरा तिरकी गेली की वरचा शर्ट चाळीस नंबरचा आणि खालचा अडतीसचा निघतो. तसेच चार पातळ प्लाय टेपने एकत्र बांधून एकदम कापले आणि टेबल तिरके असेल तर खालच्या पाटीवरचे अक्षर वेगळेच निघते.

तिसरी, बाजूची ओढ. बहुतेक पात्यांच्या एका बाजूला बनवतानाच बारीक खरखर राहते, म्हणून ती बाजू जास्त कापते आणि काप सरळ न जाता थोडा उजवीकडे ओढला जातो. नव्या मुलाला वाटते आपला हातच वाकडा. हात वाकडा नसतो. लाकूड किंचित तिरके धरून पुढे सरकवले की रेघ सरळ येते. आमच्या त्या वाकड्या अलिफचे अर्धे गुपित हेच होते. नवीन पाते लावले की आधी रद्दी तुकड्यावर एक सरळ रेघ कापून त्याची ओढ किती आहे ते पाहून घ्यावे.

चौथी, जोर. पाते फक्त समोरून कापते. लाकूड समोरूनच, हळू, एकसारखे पुढे द्यावे, बाजूने दाबू नये. कोपरा आला की पुढचा दाब सोडून, पात्याला जागेवर चालू ठेवून लाकूड त्याभोवती फिरवावे. बोटे पात्याच्या दोन्ही बाजूंना, कधीही पात्याच्या समोर नाहीत. आणि ज्या क्षणी जोर लावावासा वाटतो, त्या क्षणी मशीन थांबवून पाते बदलावे. भुशाऐवजी पीठ पडू लागले, कड तपकिरी झाली, रेघ सोडून पाते पळू लागले, या त्याच्या निशाण्या आहेत. हे वाक्य मी गाळ्याच्या भिंतीवर मराठीत आणि उर्दूत लिहून लावले आहे: जोर लागतो आहे, पाते बदला.

नुक्त्यांची गोष्टही इथेच सांगतो. नुक्ता खाली असला की जीम, वर असला की खे, आणि नसलाच तर बडी हे. जाळीच्या कामात नुक्ता अक्षरापासून सुटा असतो, तो कापला की खाली पडतो. तो बारीक पुलाने जोडायचा की मागच्या पाटीवर चिकटवायचा हे कापण्याआधी कागदावर ठरवावे. जे मुलगे उर्दू वाचू शकत नाहीत त्यांना हे समजावून द्यावे. समोर काय लिहिले आहे हे ठाऊक असलेला हात वेगळा चालतो.

आक्षेप आणि उत्तरे

माझ्या बरोबरीचे व्यापारी म्हणतील की पाती फुकट दिली तर मुले बेफिकीर होतील. ही भीती मलाही होती. उपाय सोपा आहे. जुने पाते परत दिले की नवे मिळेल, मोडलेले असले तरी दोन्ही तुकडे आणून द्यायचे. वहीत तारीख, नंबर आणि लाकडाचा प्रकार लिहायचा. रक्कम लिहायची नाही. एखाद्या मुलाची पाती फार मोडू लागली तर वही दाखवते की ताण चुकतो आहे, नंबर चुकतो आहे, की हात बाजूने दाबतो आहे. तिथे उस्तादाने त्याच्याजवळ बसावे. दंडाच्या वहीतून यातले काहीच कळत नव्हते.

दुसरे म्हणतील, मोडणाऱ्याने भरावे यात अन्याय काय? मुद्दाम किंवा हलगर्जीपणाने केलेले नुकसान वेगळे आणि वापराने झालेली झीज वेगळी. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यातही नुकसानीपोटी कपात करायची तर ते नुकसान थेट कामगाराच्या चुकीमुळे किंवा हलगर्जीपणामुळे झालेले असले पाहिजे आणि आधी त्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे, अशा अटी होत्या. २०१९ च्या वेतन संहितेनेही हेच तत्त्व कायम ठेवले. पण कायद्याच्या आधी आपल्याकडे दीन आहे. मजुराचा हक्क वेळेवर आणि पुरा द्यावा ही शिकवण आपण जुम्याच्या खुत्ब्यात वर्षानुवर्षे ऐकतो. जे पाते माझ्या मालासाठी, माझ्या नफ्यासाठी झिजले, त्याची किंमत मी त्याच्या घामातून वळती केली, तर तो नफा किती साफ राहिला हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. मी विचारले, उत्तर बरे आले नाही. जुन्या वह्या काढून त्या दोन मुलांचे कापलेले पैसे मी परत केले. कापडाच्या कटर मास्टरांपैकी जे सापडले त्यांचेही केले. जे सापडले नाहीत त्यांचे ओझे अजून माझ्याकडे आहे.

तिसरा आक्षेप आजचा आहे. लेसर मशीन आली आहे, संगणकावरून अक्षर कापले जाते, मग पात्याचा अभ्यास कशाला? पातळ एमडीएफच्या स्वस्त पाट्यांत लेसरशी बरोबरी होणार नाही, हे मान्य करून टाकावे. पण लेसरची कड जळून काळपट होते आणि छोट्या लेसरला इंचभर जाड शिसम किंवा सागवान कापता येत नाही. अस्सल लाकडाची, जाड, साफ कडेची चौकट ज्याला हवी असते तो गिऱ्हाईक कमी आहे पण दाम देतो. आमच्या गाळ्याने स्वस्त माल सोडला आणि तिकडे वळला. तो माल बोथट पात्याने निघत नाही, आणि घाबरलेल्या हाताने तर नाहीच.

धुळीचेही सांगितले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरवली. एमडीएफची धूळ तर फारच बारीक असते आणि त्यात गोंदही असतो. मास्क, धूळ ओढणारा पंखा आणि चष्मा हे पात्याइतकेच मालकाच्या खर्चाचे आहे. आपल्या यंत्रमागाच्या गावांत सुताच्या धुळीने किती छात्या निकामी झाल्या हे आपण पाहिले आहे. तीच चूक लाकडात पुन्हा करू नये.

शेवटी एक बारीक सूचना. पावसाळ्यात पाती गंजतात. नंबरप्रमाणे वेगळ्या नळ्यांत ठेवावीत आणि कपड्याच्या खोक्यांत येणारी सिलिका जेलची पुडी प्रत्येक नळीत टाकावी. ती पुडी आपण रोज कचऱ्यात फेकतो.

ज्या मुलाच्या अंगठ्याला टाके पडले होते तो आज आमच्याकडे सर्वात बारीक काम करतो. नव्या मुलांना तोच शिकवतो. मागच्या महिन्यात एका शिकाऊ मुलाचे सकाळपासून तिसरे पाते मोडले आणि तो रडवेला होऊन माझ्याकडे पाहू लागला. मी काही बोलण्याआधीच त्याने त्या मुलाच्या हातातले तुकडे घेतले, डब्यात टाकले, नवे पाते लावले आणि बोटाने छेडून त्याला आवाज ऐकवला.

आपल्या बिरादरीत हाताची कला असलेली मुले पुष्कळ आहेत आणि भांडवल असलेले व्यापारीही आहेत. त्यांच्यामध्ये दंडाची वही येऊ देऊ नका. छोट्या कारखान्याच्या मालकांना माझी विनंती आहे की या महिन्याचा हिशेब करताना कपातीचा रकाना एकदा नीट वाचावा आणि त्यातले किती खरोखर त्या कारागिराचे देणे होते ते स्वतःला विचारावे. अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो आणि आपल्या कारागिरांचे हात सलामत ठेवो.